शेवाळाने खाल्लेल्या उन्हाचं पुढे काय होतं

शेवाळापासून डिझेल होणार होतं ना, त्याचं काय झालं? हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, त्यासाठी माझं सगळं काम सांगावं लागेल, कारण पीएचडीला लागल्यापासून आजपर्यंत लॅब बदलल्या, प्रोजेक्ट बदलले, पैसे देणाऱ्यांचा कल बदलला, पण मी मोजत आले ती गोष्ट एकच, शेवाळाच्या पेशीने जो प्रकाश शोषला त्याचं पुढे काय झालं. तेलाचा सगळा हिशोबही तिथूनच सुरू होतो.

पीएचडीला लागले तेव्हा गाईडनी हातात क्लॅमिडोमोनासची प्लेट दिली. बायोलॉजी केलेल्यांना हे नाव आठवत असेल, एकपेशीय हिरवं शेवाळ, साधारण १० मायक्रॉनचं, पोहायला दोन कशाभिका आणि आत वाटीच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक. जगभर याच्यावर इतकं काम का होतं त्याचं कारण मला आजही फार सुंदर वाटतं. झाडाचं फोटोसिंथेसिस पूर्ण बिघडवलं तर झाड मरतं, मग नक्की काय बिघडलं ते बघणार कसं? क्लॅमिडोमोनासला मीडियात, म्हणजे ज्या पोषक द्रावणात ते वाढवतो त्यात, ॲसिटेट हे तयार अन्न घालून दिलं की ते अंधारातसुद्धा वाढतं, म्हणजे प्रकाश वापरायची सगळी यंत्रणा मोडली तरी पेशी जिवंत राहते आणि तुम्ही आरामात तिचा अभ्यास करू शकता. शिवाय तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे एक जीन बिघडला की परिणाम लगेच दिसतो, दुसरी प्रत सांभाळून घेत नाही. २००७ मध्ये तिचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तर कामाचा वेगच बदलून गेला.

सुरुवातीचे कितीतरी महिने नुसते मीडिया बनवण्यात आणि कल्चर जिवंत ठेवण्यात गेले. टॅप नावाचा मीडिया असतो, ट्रिस, ॲसिटेट आणि फॉस्फेट यांचा. अडचण अशी की ॲसिटेट शेवाळाला आवडतं तसं बॅक्टेरिया आणि बुरशीलाही आवडतं, त्यामुळे लॅमिनारमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात जरा इकडेतिकडे झाला की दोन दिवसांनी फ्लास्क दुधाळ झालेला असतो. चांगल्या प्रकाशात टॅपमध्ये पेशी साधारण ८ तासांत दुप्पट होतात, म्हणून रीडिंगच्या वेळा पेशी ठरवतात, आपण नाही. घनता मोजायची ती ७५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, कारण तिथे क्लोरोफिल प्रकाश शोषत नाही, म्हणजे पेशींचा रंग फिका असो की गडद, आकड्यावर त्याचा परिणाम होत नाही (ही छोटी बाब पुढे माझ्या कामात फार मोठी ठरली). आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या तर आधी आयोडीनचा थेंब, नाहीतर त्या चौकटीतून पोहून निघून जातात. हे सगळं कुठल्याच पेपरात सविस्तर लिहिलेलं नसतं, सीनियरच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं. मी आज माझ्या विद्यार्थ्यांनाही तसंच शिकवते, घाई केलेली मला अजिबात चालत नाही.

मग म्युटंट, म्हणजे एखादा जीन बिघडलेल्या पेशी, शोधायचं काम. पेशीभित्तिका नसलेला स्ट्रेन, म्हणजे शेवाळाचा वाण, घ्यायचा, त्यात डीएनए आणि बारीक काचेचे मणी टाकायचे आणि काही सेकंद जोरात हलवायचं, बस. मण्यांच्या घर्षणाने पेशींच्या पटलाला क्षणभर भोकं पडतात, डीएनए आत शिरतो आणि जीनोममध्ये कुठेही जाऊन बसतो, जिथे बसतो तो जीन मोडतो. १९९० पासून ही पद्धत वापरात आहे आणि तिला महागडं काहीच लागत नाही. मग प्लेटवर शेकडो कॉलन्या येतात, आणि त्यातली कुठली कामाची हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी फ्लुओरेसन्स बघावा लागतो.

फ्लुओरेसन्सबद्दल थोडं सांगते कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्लोरोफिलने प्रकाश शोषला की त्या ऊर्जेला तीनच वाटा असतात. एक, ती रासायनिक कामाला लागते. दोन, उष्णता होऊन निघून जाते. तीन, अगदी थोडा भाग लाल प्रकाश होऊन परत बाहेर येतो. हा तिसरा भाग जेमतेम काही टक्के असतो पण मोजता येतो, आणि तो कमीजास्त झाला की उरलेल्या दोन वाटांचं काय चाललंय ते कळतं. १९३१ मध्ये काउत्स्की आणि हिर्श यांनी अंधारात ठेवलेल्या पानावर एकदम प्रकाश टाकला आणि हा लाल उजेड आधी वाढतो मग हळूहळू उतरतो हे नोंदवलं, आज आम्ही जी महागडी मशीनं वापरतो त्यांचं मूळ त्या निरीक्षणात आहे. प्लेट अंधारात ठेवायची, एक जोरदार फ्लॅश द्यायचा आणि कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. निरोगी क्लॅमिडोमोनासच्या कॉलन्या स्क्रीनवर सगळ्या जवळपास एकाच रंगात येतात आणि मध्येच एखादी वेगळ्या रंगाची दिसते. साध्या प्रकाशात ती शेजारच्या कॉलनीसारखीच हिरवी, पण आत काहीतरी वेगळं चाललंय हे त्या फोटोत दिसतं. पहिल्यांदा तशी कॉलनी दिसली तेव्हा मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते.

मला ज्या म्युटंटमध्ये रस होता त्या फिक्या होत्या, पोपटी. ते का, हे सांगायला १९३२ पर्यंत मागे जावं लागतं. इमर्सन आणि आर्नोल्ड यांनी क्लोरेला या शेवाळावर अगदी क्षणभराचे फ्लॅश टाकले, इतके लहान की प्रत्येक यंत्रणेला एका फ्लॅशमध्ये एकदाच काम करता यावं. अपेक्षा अशी होती की क्लोरोफिलचा प्रत्येक रेणू आपापलं काम करेल. निघालं असं की ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडायला साधारण २५०० क्लोरोफिल लागतात! म्हणजे बहुतेक क्लोरोफिल स्वतः रासायनिक काम करतच नाहीत, ते फक्त प्रकाश पकडून मधल्या केंद्राकडे पाठवतात. १९३६ मध्ये गॅफ्रॉन आणि व्होल यांनी याचा अर्थ लावला आणि तिथून अँटेना ही कल्पना आली.

आता अडचण बघा. रानातल्या पेशीला अँटेना मोठा असणं परवडतं, किंबहुना गरजेचं असतं, कारण पाण्यात खोलवर उजेड कमी आणि शेजाऱ्याच्या आधी आपण पकडला तर शेजारी उपाशी. पण तलावात आपण एकाच जातीच्या कोट्यवधी पेशी दाटीवाटीने वाढवतो. दुपारचं पूर्ण ऊन दर चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल फोटॉन इतकं असतं, आणि पेशीचं काम त्याच्या पाव हिस्स्याच्या आतच पूर्ण क्षमतेला पोचतं. म्हणजे पावसाचं पाणी धरायला भलामोठा पत्रा लावावा आणि खाली बादली एकच असावी तसं, भरून वाहून जाणारच. वरच्या थरातल्या पेशी शोषलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांपर्यंत भाग उष्णता करून टाकून देतात आणि खालच्या पेशी काळोखात बसतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या अनास्तासिओस मेलिस यांनी हा मुद्दा लावून धरला, त्यांचा हिशोब असा होता की हिरव्या शेवाळात दोन्ही फोटोसिस्टिमचे, म्हणजे प्रकाशाचं रासायनिक काम करणाऱ्या दोन केंद्रांचे, मिळून ६०० पर्यंत क्लोरोफिल असतात पण यंत्रणा उभी राहायला किमान १३२ पुरतात, पहिल्या फोटोसिस्टिमला ९५ आणि दुसरीला ३७. अँटेना कापला तर प्रकाश खालपर्यंत पोचेल आणि सगळ्या तलावाचं मिळून उत्पादन वाढेल. तर्क इतका स्वच्छ आहे की ऐकल्या ऐकल्या पटतो, मलाही पटला होता, आणि त्याच तर्कावर मी पीएचडी केली.

आमची फिकी म्युटंट प्रयोगशाळेत छान वागली. प्रखर प्रकाशातही तिचा ऑक्सिजनचा आलेख वर चढत राहायचा, मूळ स्ट्रेन कधीच सपाट झालेला असायचा. पेपर पाठवला तेव्हा एका रिव्ह्यूअरने जो प्रश्न विचारला त्याबद्दल मी त्या अनोळखी माणसाची कायमची ऋणी आहे. त्याचं म्हणणं, तुम्ही ऑक्सिजन दर मिलिग्रॅम क्लोरोफिलमागे दाखवलाय, फिक्या पेशीत क्लोरोफिलच कमी, म्हणजे खालचा आकडा लहान, मग भागाकार मोठा येणारच की, तोच दर पेशीमागे आणि दर चौरस मीटरमागे काढून दाखवा. आम्ही काढला. पेशीमागे फायदा दिसला पण आधीच्या मानाने खूपच लहान. तेव्हापासून कुठलाही पेपर वाचताना मी पहिल्यांदा अक्षावर काय लिहिलंय ते बघते, कशाने भागलंय ते बघते. या क्षेत्रातल्या मोठमोठ्या दाव्यांपैकी कितीतरी दावे तेवढ्यावरच तोलता येतात.

दरम्यान बाहेर वारं फिरलं होतं. कच्च्या तेलाचे भाव २००८ मध्ये आभाळाला भिडले, आणि शेवाळाचं इंधन हा विषय एकदम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने सिंथेटिक जीनोमिक्स या बायोटेक कंपनीबरोबर मोठा करार जाहीर केला, शेवाळावर ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी. सगळ्यांना एकदम एका जुन्या रिपोर्टची आठवण झाली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ असा जवळपास दोन दशकं ॲक्वॅटिक स्पीशीज प्रोग्रॅम चालवला होता, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून ३००० च्या आसपास स्ट्रेन गोळा केले, त्यातले ३०० निवडले, न्यू मेक्सिकोत रॉसवेलला १००० चौरस मीटरचे उघडे तलाव चालवले आणि दुकान बंद झाल्यावर १९९८ मध्ये सगळं रिपोर्टात लिहून ठेवलं. मी पोस्टडॉकला जॉइन झाले त्या दिवशी माझ्या टेबलावर त्या रिपोर्टची प्रिंट ठेवलेली होती. ज्याला या विषयात काम करायचंय त्याने तो रिपोर्ट वाचावाच, इतक्या प्रामाणिकपणे कुणी काय चाललं आणि काय नाही चाललं ते क्वचितच लिहितं.

त्यातली एक गोष्ट तर आम्ही जशीच्या तशी पुन्हा अनुभवली. शेवाळाला तेल बनवायला लावायचा सोपा उपाय म्हणजे नायट्रोजन बंद करणं. नायट्रोजन नाही म्हणजे नवीन प्रोटीन नाही, प्रोटीन नाही म्हणजे विभाजन नाही, पण ऊन तर पडतंच आहे, मग आलेला कार्बन पेशी तेल आणि स्टार्चच्या रूपात साठवते. नाईल रेड नावाचा रंग टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशीभर पिवळेधमक थेंब चमकताना दिसतात, बाजूला क्लोरोफिल लाल. प्रेझेंटेशनमध्ये हा फोटो टाकला की समोरचे लोक खुर्चीत पुढे सरकून बसायचे. पण आकडे मांडा ना. तेलाची टक्केवारी दुप्पट झाली हे खरं, त्याच वेळी वाढ थांबली, आणि दर दिवशी दर चौरस मीटरमागे एकूण तेल किती हे बघितलं तर बऱ्याचदा कमीच भरतं. तेव्हाच्या संशोधकांनी तेल बनवण्याच्या पहिल्या पायरीचं एन्झाइम सायक्लोटेला या डायटममध्ये (सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ) वाढवूनही बघितलं होतं, एन्झाइम वाढलं, तेल वाढलं नाही. पेशी तेल बनवते ते तिला अडचणीच्या काळात टिकायचं असतं म्हणून, भरभरून वाढायचं असताना तिला त्याची गरज नसते. २०१७ मध्ये सिंथेटिक जीनोमिक्सच्याच गटाने नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये एक नियंत्रक जीन शोधून वाढ फारशी न घटवता तेल ४० टक्क्यांच्या वर नेलं, ते काम खरोखर उत्तम होतं, आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये आम्ही तो पेपर आकृती आकृती करून वाचला. तरीही ते कोड्याचं अर्धंच उत्तर होतं.

मध्ये काही काळ मी हायड्रोजनवरही काम केलं. तेच गॅफ्रॉन, अँटेनावाले, त्यांनी रुबिनबरोबर १९४२ मध्ये दाखवलं होतं की हिरवं शेवाळ प्रकाशात हायड्रोजन सोडू शकतं. पण हायड्रोजन बनवणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की मरतं आणि फोटोसिंथेसिसमध्ये ऑक्सिजन तर निघणारच. २००० मध्ये मेलिस आणि सहकाऱ्यांनी फार हुशारीने वाट काढली, गंधक बंद केलं. दुसऱ्या फोटोसिस्टिममधलं डी१ नावाचं प्रोटीन भर उन्हात साधारण अर्ध्या तासात खराब होतं आणि नवं बसवावं लागतं, गंधक नसेल तर ते बनत नाही, मग ऑक्सिजन निघणं कमी होत जातं, उरलेला पेशी श्वासात वापरून टाकते, बाटलीत ऑक्सिजन संपतो आणि बुडबुडे येऊ लागतात, हायड्रोजनचे, काही दिवस सतत. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं हा वेगळाच आनंद आहे. उत्पादन म्हणून आकडा फार लहान, हे खरंय.

आता तलाव. माझ्या मते प्रत्येक फोटोसिंथेसिसवाल्याने निदान एक मोसम तरी उघड्या तलावावर काढावा. रेसवे म्हणतात त्याला, लांबट गोलाकार चर, पाणी २० ते ३० सेंटिमीटर, एका बाजूला फिरतं पॅडलव्हील. आम्ही एका भागात मूळ स्ट्रेन आणि एका भागात फिकी म्युटंट लावली. फिक्या बाजूला प्रकाशाचा सेन्सर खाली सोडला की आकडा खरंच जास्त खोलीपर्यंत टिकायचा, तर्क तितका बरोबर निघाला. उत्पादनात मात्र फरक पडला तो इतका थोडा की दिवसादिवसातल्या फरकात हरवून जायचा. आम्ही एकटेच नव्हतो, २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या गटाने क्लॅमिडोमोनासचे असे अनेक म्युटंट दाट कल्चरमध्ये प्रखर प्रकाशात तपासले आणि एकही मूळ स्ट्रेनच्या पुढे गेला नाही. याचं कारण काय असावं या प्रश्नाने पुढे माझी दिशा ठरवली, त्यावर येतेच.

त्याआधी रोटिफर, शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी. एका सकाळी तलावाचा हिरवा रंग उतरल्यासारखा वाटला, घनता खाली आलेली, पीएच बदललेला. नमुना मायक्रोस्कोपखाली घेतला तर प्रत्येक फील्डमध्ये रोटिफर, डोक्याशी केसांची वर्तुळं भराभरा फिरतायत, पाणी आत ओढतायत, आणि अंग पारदर्शक असल्यामुळे पोटात गच्च भरलेल्या आमच्या हिरव्या पेशी स्पष्ट दिसतायत. फ्लुओरेसन्सचा दिवा लावला तर त्यांची पोटं लाल चमकत होती, म्हणजे क्लोरोफिल अजून ताजंच. दोन-तीन दिवसांत तलाव तपकिरी झाला आणि तो प्रयोग तिथेच संपला. मोठ्या प्रमाणावर उघड्यावर जी शेवाळं वर्षानुवर्षं टिकून आहेत ती कुठली ते बघितलं की हे जास्त कळतं, स्पिरुलिना वाढते ती पीएच १० च्या आसपासच्या अल्कली पाण्यात, ड्युनालिएला वाढते ती समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यात, म्हणजे जिथे खाणारे सहसा पोचतच नाहीत अशा ठिकाणी. गोड्या पाण्यातल्या तेलकट, मऊ, पौष्टिक शेवाळाला सगळे गिऱ्हाईक. प्रयोगशाळेतला फ्लास्क या बाबतीत काहीच सांगत नाही.

आणि पाणी. तलावातलं कल्चर डोळ्यांना कितीही गडद दिसलं तरी लिटरला साधारण अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ, म्हणजे एक किलो सुक्या मालासाठी २००० लिटर पाण्याशी झगडायचं. सेंट्रीफ्यूज लावला तर वीज जाते, सुकवायचं तर त्याहून जास्त ऊर्जा जाते. ओल्या लगद्यालाच ३०० ते ३५० अंशांवर प्रचंड दाबाखाली शिजवून कच्चं तेल काढायची पद्धत आहे, ती मला या सगळ्यात सर्वात आशादायक वाटते कारण तिला सुकवायची आणि तेल वेगळं काढायची गरज नाही, प्रोटीन आणि स्टार्चमधूनही काही भाग मिळतो. पण किलोभर शेवाळाला साधारण पावणेदोन-दोन किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, तो फॉस्फरस शेतीलाही हवाच आहे. हे परत फिरवून वापरता आलं नाही तर गणित जमत नाही.

२०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि आमच्या प्रोजेक्टचं नूतनीकरण झालं नाही. पत्र चार ओळींचं होतं. शास्त्र चुकलं असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं, प्राधान्य बदललं एवढंच. सोबतचे कितीजण बीटा कॅरोटीन, ॲस्टॅझॅन्थिन अशा शेवाळातल्या रंगद्रव्यांकडे, माशांच्या खाद्याकडे वळले, आणि ते योग्यच होतं, कारण तिथे किलोमागे जो मोबदला मिळतो तो इंधनात कधीच मिळणार नाही. मला त्या काळात सगळ्यात जास्त त्रास झाला तो मुलांचा. थिसिस अर्ध्यावर असलेली दोन हुशार मुलं होती ग्रुपमध्ये, तलावावर उन्हातान्हात नमुने घेतलेली, आणि एकाएकी त्यांच्या विषयाला फॅशन उरली नव्हती. पाच वर्षं पैसा ओतायचा आणि पाच वर्षं पूर्ण बंद करायचा, अशाने फोटोसिंथेसिससारखा विषय पुढे जात नाही. ज्या स्ट्रेनवर माणसं तयार होतात ते स्ट्रेनही फ्रीझरमध्ये राहून जातात आणि माणसंही निघून जातात, मग भाव वाढले की पुन्हा पहिल्यापासून. माझं हे स्पष्ट मत आहे आणि मी ते प्रत्येक कमिटीपुढे मांडत आलेय.

मी मात्र तलावाचा प्रश्न सोडला नाही. फिकी म्युटंट प्रकाश खालपर्यंत जाऊ देते, मग ती जिंकत का नाही? उत्तराचा एक मोठा भाग उष्णतेच्या वाटेत आहे. आम्ही सगळे तिला वाया गेलेली ऊर्जा म्हणायचो. पण पेशीत जादा प्रकाश आला आणि त्याला वाट मिळाली नाही तर ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होतात आणि यंत्रणा जळते. म्हणून पेशी जादा ऊर्जा उष्णता करून सोडणारी एक झडप स्वतःहून उघडते, त्याला आम्ही एनपीक्यू म्हणतो. क्लॅमिडोमोनासमध्ये हे काम मुख्यतः एलएचसीएसआर३ या प्रोटीनकडे आहे हे २००९ मध्ये दाखवलं गेलं, ते नसलेला म्युटंट मंद प्रकाशात छान वाढतो पण एकदम प्रखर प्रकाशात नेला की मार खातो. आणि अँटेनातल्या काही प्रोटीन्सचाही या झडपेत हात असतो. म्हणजे अँटेना कापताना आपण संरक्षणालाही कात्री लावतोय, वर त्या म्युटंटवर आधीच दुसऱ्या बदलांचं ओझं असू शकतं. मग फायदा एका हाताने येतो आणि दुसऱ्याने जातो.

त्यात तलावातला प्रकाश स्थिर नसतोच. पॅडलव्हीलमुळे पेशी क्षणात वर येते क्षणात खाली जाते, वर भर दुपार आणि खाली मध्यरात्र. झडप उघडते भराभर, पण बंद व्हायला वेळ घेते, म्हणजे पेशी अंधाऱ्या थरात पोचली तरी काही वेळ प्रकाश टाकूनच देत असते, जिथे तिला एकेक फोटॉन हवा असतो तिथे. पिकांमध्ये हाच विचार करून २०१६ मध्ये तंबाखूच्या झाडात झडप लवकर बंद होईल असे बदल केले गेले आणि शेतात सुमारे १५ टक्के जास्त वाढ मिळाली. तो पेपर आला त्या आठवड्यात मी माझ्या नव्या लॅबच्या पहिल्या ग्रँटचा मसुदा लिहीत होते, आणि मी तो पूर्ण फाडून नव्याने लिहिला.

सध्या आमची लॅब यावरच आहे. एलईडीचं पॅनल घेतलंय ज्याला आपण सांगू तसा प्रकाश सेकंदासेकंदाला बदलता येतो, तलावात सेन्सर फिरवून जी खरी नोंद घेतली तीच त्यात भरलीय, आणि त्या प्रकाशात वेगवेगळे स्ट्रेन वाढवून झडप किती वेळात बंद होते आणि दिवसाअखेर किती कार्बन पक्का झाला हे दोन्ही एकत्र मोजतो. स्थिर प्रकाशात जो स्ट्रेन पहिला येतो तो हलत्या प्रकाशात बऱ्याचदा पहिला राहत नाही, एवढं आत्ताच ठामपणे सांगू शकते. म्हणजे फ्लास्क हलवणाऱ्या शेकरवरच्या एकसारख्या प्रकाशात स्ट्रेन निवडायची सवयच बदलावी लागणार. माझ्या एका विद्यार्थिनीने नैसर्गिक तलावांतून गोळा केलेल्या रानटी स्ट्रेनमध्ये असे दोन शोधलेत जे झडप बरीच लवकर मिटवतात आणि तरीही प्रखर प्रकाशात टिकतात, ती आता त्यांच्या जीनोमकडे वळलीय. इंधन हे ध्येय मी सोडलेलं नाही, विमानांना आणि जहाजांना द्रव इंधन अजून बराच काळ लागणार आहे आणि ते कुठून तरी यावंच लागेल, पण त्याआधी दर चौरस मीटरमागचा कार्बन वाढला पाहिजे, तेल हा त्यातला वाटा आहे. येत्या उन्हाळ्यात ते दोन रानटी स्ट्रेन उघड्या तलावात जाणार आहेत, यावेळी रोटिफरवर रोज सकाळी नजर ठेवायची व्यवस्था करून, आणि फ्लुओरेसन्सचा प्रोब थेट पाण्यात सोडून, म्हणजे पेशी वर-खाली होत असतानाच झडपेचं रीडिंग मिळेल.